माझा एकच रस्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चार माणसांपुढे बोलायला उभे राहण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. आजवर मंडळात मी सतरंज्या अंथरल्या, चहाचा हिशेब ठेवला, संक्रांतीला वाण वाटले. त्यात काही चुकले तर लगेच दुरुस्त करता येते. बोललेला शब्द दुरुस्त करता येत नाही. तेव्हा काही अधिकउणे झाले तर सांभाळून घ्यावे.

चिटणीसबाईंनी यंदा विषय दिला, ‘प्रवासाने मला काय शिकवले’. माझ्या आधी बोललेल्या वहिनींनी काशीयात्रेचे वर्णन केले, दुसऱ्या ताईंनी लेकीकडे दुबईला गेल्याचे सांगितले. ऐकताना मला आपलीच लाज वाटू लागली. मी पंढरपूर आणि जोतिबा सोडून कुठे गेलेली नाही. मी चिटणीसबाईंना म्हटले, “मला एकच रस्ता येतो, कोल्हापूर ते गगनबावडा. तोही पुरता नाही, माहेराच्या फाट्यापर्यंतच.” त्या म्हणाल्या, “मग तोच सांगा.” म्हणून तोच सांगते.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे त्याचाच संबंध येणार आहे.

गगनबावडा आपल्या कोल्हापुरापासून पंचावन्न किलोमीटर. माझे माहेर असळजच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत दीड किलोमीटरवर. रंकाळा स्टँडवरून एस.टी. सुटली की फुलेवाडी, मग बालिंगा. तिथे भोगावतीवरचा जुना पूल लागतो. पूल ओलांडला की शहर संपले असे माझे मन म्हणते, वस्ती पुढे कितीही वाढली तरी. मग कोपार्डे, कुडित्र्याच्या साखर कारखान्याचा फाटा, भामटे, कळे. कळ्यानंतर डोंगर जवळ येऊ लागतात, कुंभी नदी कधी जवळ तर कधी लांब अशी सोबतीला असते, आणि मांडुकली, असळज करीत गाडी वर चढते. पुढे घाट उतरला की कोकण. आमच्याकडे पाऊस इतका, की लहानपणी जून ते सप्टेंबर आमचे कपडे वाळलेलेच मला आठवत नाहीत. चुलीवर दोरी बांधून आई ते धुरावर सुकवायची. शाळेत सगळ्या मुलांच्या अंगाला एकच वास असे, धुराचा.

सन २००१ साली, अठराव्या वर्षी, मी या रस्त्याने नवरी होऊन आले. त्यानंतर पंचमीला, दिवाळीला, बाळंतपणाला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मातीला, किती वेळा गेले आणि आले त्याचा हिशेब नाही. पहिल्या वर्षी जाताना रस्ता फार लांब वाटायचा आणि येताना फार लवकर संपायचा. हे आपल्यापैकी सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

माझी मुलगी अंक शिकली ती या रस्त्यावर. कडेच्या दगडांवरचे आकडे ती खिडकीतून ओरडून वाचायची आणि गाडीतले लोक हसायचे. तेव्हा त्या दगडांची डोकी हिरवी होती, म्हणजे राज्य मार्गाची. पुढे रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आणि डोकी पिवळी झाली. मी जे थोडे वाचन टिकवले तेही पाट्यांवर. ‘पुढे अपघाती वळण आहे’, ‘पूल अरुंद आहे’, ‘वाहने सावकाश हाका’. घरात पुस्तक हातात घ्यायला सवड नव्हती आणि धीरही नव्हता. पण एस.टी.त खिडकीपाशी बसले की दिसेल ते वाचायचे, ही सवय मी सोडली नाही. खताच्या जाहिराती, वाढदिवसाचे फलक, दूध संस्थांची नावे, सगळे.

आता उसाचे सांगते, कारण या रस्त्यावर ऊस आणि पाऊस या दोनच गोष्टींचे राज्य आहे.

दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या फाट्याजवळ ऊसतोडणीच्या लोकांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कागदाच्या, माणसाला वाकूनच आत जावे लागेल एवढ्या. बीडकडची माणसे सहा-सहा महिने घर सोडून येतात. पहाटेच्या गाडीने मी कधी निघाले तर अंधारात चुली पेटलेल्या दिसायच्या आणि बायका भाकऱ्या थापत असायच्या. एकदा एक बाई लेकराला घेऊन कळ्याच्या दवाखान्याला निघाली होती, ती माझ्या शेजारी बसली. बोलता बोलता म्हणाली, “आमचा एक कोयता हाय.” मला वाटले एकटीच आली आहे. तर नाही. नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. उचल मिळते ती दोघांच्या नावाने, पण हातात येते त्याच्या. मी घरी येऊन ह्यांना सांगितले तर हे म्हणाले, “तसाच रिवाज आहे तो.” रिवाज आहे हे मलाही कळले होते. त्या दिवसापासून चहात साखर घालताना ती बाई मला आठवते, एवढेच सांगते. आठवून मी काही केले असे नाही.

पूर्वी कोपार्ड्यापासून पुढे रस्त्यालगत गुऱ्हाळे दिसायची. काहिलीतल्या रसाचा वास एस.टी.त शिरला की झोपलेली पोरे जागी व्हायची. आता बरीच बंद पडली. रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडेही गेली. रस्ता चांगला झाला, वेळ वाचला, खड्डे गेले, हे सगळे खरे. पण ज्या वडाखाली उभे राहून माझ्या वडिलांनी मला सासरच्या गाडीत बसवले तो वड नाही. माहेराचा फाटा आला हे आता मला दगडावरचा आकडा बघूनच कळते.

वडिलांचा विषय निघाला. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. आता जे सांगायचे ते त्यांच्याविषयी आहे.

सन १९९६ मध्ये मी सातवी पास झाले. वर्गात दुसरी आले होते. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल मोठ्या रस्त्यावरच्या गावात, आमच्यापासून सहा किलोमीटर. गाव आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे, आणि त्यावर तेव्हा पूल नव्हता, नुसती फरशी होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की फरशी बुडायची, ती कधी दोन दिवस तर कधी आठ दिवस. जूनमध्ये आप्पा म्हणाले, “पाणी येतंय पोरी. पुढची शाळा नको.” एवढेच. दुसरे कारण सांगितले नाही, आणि त्या काळी मुलीने कारण विचारायचेही नसते. माझ्या वर्गातली दोन मुले मात्र त्याच फरशीवरून, त्याच पाण्यातून आठवीला गेली.

भगिनींनो, मी आप्पांवर पंचवीस वर्षे रागावले होते. बाहेरून कुणाला दिसले नसेल. माहेरी गेले की पाया पडत होते, त्यांच्या आवडीचा खाजा नेत होते. पण बोलताना माझे शब्द मोजके असायचे. ते विचारायचे, “बरी हाईस न्हवं?” मी म्हणायची, “बरी आहे.” संपले. एस.टी. त्या हायस्कुलासमोरून जाते. दर वेळी ते कौलारू छप्पर आणि पुढे मैदानात उभ्या मुली दिसल्या की मनात यायचे, पाण्याचे निमित्त. निमित्त पाण्याचे आणि भीती लोकांची. मुलगी वयात आली, रस्त्याने एकटी जाईल, लोक काय म्हणतील, हेच खरे कारण, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

मग जुलै २०२१ चा महापूर आला. आपण सगळ्यांनी तो पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी त्रेचाळीस फूट. त्या साली पाणी छप्पन्न फुटांच्या वर गेले, २०१९ पेक्षाही जास्त. करोनाचे दिवस संपले नव्हते. आपल्या मंडळाने तेव्हा पोळी-भाजीची पाकिटे करून दिली, त्यात मीही होते. चौथ्या की पाचव्या पाकिटाला भावाचा फोन आला, आप्पांना धाप लागली आहे. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली गेला होता, इकडे बालिंग्याचा पूल बंद. तिकडून त्यांना कोल्हापुराला आणता येईना आणि इकडून मला जाता येईना. रात्री फोन लागेनासा झाला. सकाळी लागला तेव्हा भाऊ नुसता रडत होता.

आप्पांना अग्नी दिला तेव्हा मी इथे, या सभागृहाच्या मागच्या खोलीत पाकिटे बांधत होते. दुसरे काय करणार? घरी बसवेना.

पाचव्या दिवशी रस्ता खुला झाला. शेजारच्या काकांनी जीप दिली आणि हे मला घेऊन निघाले. भाताची खाचरे गाळाने भरलेली होती. उसाचे फड एका बाजूला आडवे पडले होते. झाडांच्या फांद्यांना, विजेच्या तारांना गवत आणि चिंध्या लोंबत होत्या. मांडुकलीजवळ एका घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या डोक्याच्या वर हात केला तरी हाताच्याही वर. मी ह्यांना गाडी थांबवायला सांगितले. खाली उतरले आणि त्या रेघेकडे बघत उभी राहिले. हे म्हणाले, “चल, उशीर होतोय.” मला मात्र आप्पांचे एकच वाक्य ऐकू येत होते. पाणी येतंय पोरी. मी त्यांना खोटे समजले होते आणि पाणी तर खरेच होते. ज्या माणसाने मला पाण्याचे कारण सांगितले, त्याच्या शेवटच्या दिवशी मलाही पाण्याचेच कारण सांगावे लागले.

तेव्हा मला वाटले की माझा आणि आप्पांचा हिशेब मिटला. पण रस्ता अजून संपला नव्हता.

आप्पा गेल्यावर आई खचली. साखर वाढली, डोळ्यांना कमी दिसू लागले. दर महिन्याला तिला कोल्हापूरला सी.पी.आर. दवाखान्यात आणणे भाग होते. भावाला दुधाची धार, शेती, लहान लेकरे. ह्यांची उद्यमनगरात लेथवरची नोकरी, खाडा झाला की पगार कापला जातो. एस.टी.ने आणावे तर आईला फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालवत नाही, आणि त्याच हिवाळ्यात एस.टी.चा संप होता, तो पुढे एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “आई, तू माझी स्कूटर शिक.”

मी एकोणचाळीस वर्षांची होते. नऊवारी नेसणाऱ्या सासूबाई घरात, चाळीत सगळे ओळखीचे. रविवारी पहाटे, कुणी बघायच्या आत, मुलीने मला मैदानावर नेले. पहिल्या दिवशी मी गाडी सुरू केली आणि कठड्यावर घातली. तिथे फिरायला आलेले एक आजोबा म्हणाले, “ब्रेक नावाची वस्तू असते हो गाडीला.” महिनाभर माझे गुडघे सोललेले होते. आपल्यापैकी काहींनी विचारलेही होते, मी सांगितले, जिन्यात पडले. आज खरे सांगितले.

परवान्याची मला जास्त भीती होती. कुणीतरी सांगितले होते की आठवी पास असावे लागते. आठवी. पुन्हा तीच आठवी माझ्या आडवी येणार असे वाटून मी दोन महिने अर्जच केला नाही. शेवटी कचेरीत विचारले तर खिडकीवरच्या माणसाने सांगितले, ती अट भाड्याच्या नि मालाच्या वाहनांना होती आणि तीही २०१९ मध्ये काढून टाकली. स्वतःच्या गाडीला तशी अट नव्हतीच. संगणकावर खुणांची परीक्षा झाली. त्या सगळ्या खुणा मी वीस वर्षे खिडकीतून वाचत आले होते. मी पहिल्या झटक्यात पास झाले, मुलगी मात्र तिच्या वेळी एकदा नापास झाली होती.

गाडीत बसून पाहिलेला रस्ता आणि स्वतः चालवताना पाहिलेला रस्ता यांत फार फरक असतो. एस.टी.त मी बाजूला बघत असे, झाडे, माणसे, पाट्या. हातात गाडी आली आणि मला रस्ता दिसू लागला. त्याला चढ आहे हेच मला ठाऊक नव्हते. डांबराची कड कुठे तुटली आहे, कुठल्या वळणावर समोरचे दिसत नाही, कुठे म्हशी पाण्याहून परत येतात, कुठल्या शाळेसमोर पोरे न बघता धावतात, सगळे नव्याने शिकावे लागले. ह्यांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली. रात्री समोरून गाडी आली की आपला दिवा खाली करायचा. मी विचारले, समोरच्याने केला नाही तर? हे म्हणाले, “तरी करायचा. दोघेही आंधळे झालो तर कोण वाचेल?” घरात भांडण झाले की मी हे वाक्य त्यांनाच ऐकवते.

आता दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधली गोष्ट. आईला मागे बसवून मी दवाखान्याला निघाले होते. पहाटे धुके होते, म्हणून निघायला उशीर झाला. नंबर लावायची वेळ टळून जाईल ही काळजी. कळ्यापासून पुढे उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, आणि वेग बैलगाडीचा. मी दहा मिनिटे मागे राहिले. मग भामट्याच्या पुढे, कारखान्याच्या फाट्याच्या अलीकडे, मी गाडी उजवीकडे काढली. पहिली ट्रॉली मागे टाकली आणि समोर दुधाचा टेंपो. मी कशीबशी ब्रेक लावून पुन्हा मागे आले, पण चाक डांबरावरून खाली उतरले आणि आम्ही दोघी मुरमात पडलो.

चूक माझीच होती. टेंपोवाल्याची नाही, ट्रॅक्टरवाल्याची तर मुळीच नाही. आईचे कोपर खरचटले, माझी चप्पल तुटली. मागून येणाऱ्या बैलगाडीतली ऊसतोडीची बाई खाली उतरली, तिने आईला आपल्या घागरीतले पाणी दिले, जखम धुतली आणि काही न बोलता गाडीमागे पळत गेली. तिचे नावही विचारायचे राहिले.

आम्ही मोरीच्या कठड्यावर बसलो. माझे हात कापत होते. मी बोलून गेले, “आप्पा असते तर म्हणाले असते, पोरीच्या जातीला गाडी कशाला.” आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “चल. हळू चल.”

कोपार्डे मागे पडले असेल. आई मागून बोलू लागली. स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाचे तोंड आपल्याला दिसत नाही, त्यामुळे तिला ते सोपे गेले असावे.

ती म्हणाली, “तुझ्या आप्पांनी न्हाई काढलं तुला शाळंतनं. म्या काढलं.”

मी काही बोलले नाही. वाऱ्याने नीट ऐकू आले नाही असेच मला वाटले. मग ती माझ्या कानाजवळ आली.

“तुझा भाऊ तीन वर्साचा हुता. लावणीला गेल्याबगार घरात दाणा येत नव्हता. पोराला कोण बघणार? त्यांनी इचारलं हुतं मला, हिला धाडायची का म्हणून. हायस्कुलात जाऊन मास्तरला भेटूनबी आलं हुतं. म्याच म्हणलं, नगं, पाणी येतंय. मग त्यांनी तेच तुला सांगितलं.”

आणि जरा थांबून म्हणाली, “पाणी चार म्हैने. बाकीचं आठ म्हैने म्या तुला काय सांगणार हुते?”

बालिंग्याचा पूल समोर आला होता. समोरून बस येत होती. मला कडेला थांबून तिला वाट द्यावी लागली. आरशात बघितले तर आईचा पदर तेवढा दिसत होता, तोंडावर घेतलेला. बस गेली, आम्ही पूल ओलांडला. दवाखान्यात नंबर मिळाला. रक्त तपासले, डोळे तपासले, गोळ्या घेतल्या. त्या सबंध दिवसात मी तिच्याशी कामापुरतेच बोलले.

भगिनींनो, राग धरायचा तर माणूस तरी बरोबर निवडावा. मी पंचवीस वर्षे ज्या माणसाला मोजून शब्द दिले त्याने माझ्यासाठी मास्तरांची भेट घेतली होती, आणि बायकोचे नाव पुढे न करता सगळे स्वतःवर घेतले होते. तो आता नाही. “बरी हाईस न्हवं?” याला नीट उत्तर द्यावे असे आता वाटते, पण विचारणारा राहिला नाही.

त्या रात्री आई माझ्या घरी झोपली होती. मला झोप येईना. आईवर रागावावे म्हटले तर हिशेब आडवा आला. १९९६ साली ती तेहेतीस-चौतीस वर्षांची असेल. तीन मुले, गुडघाभर चिखलात दिवसभर रोप लावायचे, डोक्यावर इरले, संध्याकाळी येऊन चूल पेटवायची ती ओल्या लाकडाची. आणि मला दुसरेही आठवले. माझी मुलगी नववीत असताना सासूबाईंचा खुबा मोडला. तेव्हा मी मुलीला दीड महिना शाळेतून घरी ठेवले होते. हे कामावर, मी एकटी, सासूबाईंना उठवायला दुसरे माणूस हवे. शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा मी लिहून दिले, मुलीला ताप आहे. तेही पाणीच होते. फक्त माझे दीड महिन्यात ओसरले, कारण दुसऱ्या एका वहिनींनी रोज दुपारी येऊन बसायचे कबूल केले. त्या इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. माझ्या आईच्या वाडीत अशी बाई नव्हती. सगळ्याच लावणीला गेलेल्या.

माझा राग गेला असे मी सांगणार नाही. तसे सांगितले तर टाळ्या पडतील, पण ते खरे होणार नाही. कधी कधी त्या हायस्कुलासमोरून जाताना अजून आत काहीतरी दुखते. मात्र आता मी तिथे गाडीचा वेग वाढवत नाही. गेल्या महिन्यात तर आईच म्हणाली, “थांब जरा.” मधली सुट्टी होती. मुली सायकली घेऊन उभ्या होत्या. आमच्या ओढ्यावर आता पूल झाला आहे, वाडीतल्या चार मुली तिथे जातात. आईने त्यातल्या एकीला हाक मारली, भावाची थोरली ती. आईने कमरेची चंची काढली आणि तिला वीस रुपये दिले. ती पळून गेली. आई बराच वेळ तिकडे बघत होती, जरी तिला एवढ्या लांबचे दिसत नाही.

मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे पुष्कळ बायका हिंडू-फिरू लागल्या, ही फार चांगली गोष्ट आहे. मीही पावसाळ्यात एस.टी.नेच जाते. ज्या रस्त्यावर आयुष्य गेले त्यावर जुलैमध्ये स्कूटर घालण्याइतकी मी शहाणी नाही आणि वेडीही नाही. पण दसऱ्यापासून पुढे माझी गाडी असते. ऊस दिसला की मी मागे राहते. आई विचारते, “उशीर न्हाई व्हायचा?” मी म्हणते, होऊ दे. मग ती मागे बसून गावातल्या गोष्टी सांगते, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली. तोंड दिसत नसले की ती पुष्कळ बोलते. कळ्याला बाजार असला तर तिथे भाजी घ्यायला थांबावेच लागते, कारण कोल्हापुरातली मेथी तिला पसंत पडत नाही.

आता शेवटचे, आणि ते कामाचे. आपल्यापैकी तिघी-चौघींनी मला खासगीत विचारले आहे, आम्हाला गाडी जमेल का? मी रविवारी सकाळी सहा वाजता मैदानावर असते. गाडी माझी, पेट्रोल ज्याचे त्याने आणावे. साडीला पिन लावून यावे आणि जुन्या चपला घालाव्यात. पडल्यावर घरी काय सांगायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, जिन्याचे कारण मी वापरून झाले आहे.